जॅझच्या शैली ओळखायच्या तर आधी ड्रमर ऐका

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे काही वर्षं तबला शिकताहेत आणि अलीकडे जॅझ ऐकायला लागलेत. बेबॉप, कूल, हार्ड बॉप, मोडल, फ्री ही नावं वाचली, पण ऐकताना सगळं एकसारखंच वाटतं. १९४० ते १९६५ या पंचवीस वर्षांत एवढ्या शैली का निघाल्या, त्या कानाने वेगळ्या कशा ओळखायच्या, आणि मोडल जॅझ म्हणजे आपला रागच का? मी सॅक्सोफोन वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे हे उत्तर वाजवणाऱ्याच्या बाजूचं आहे.

तुम्ही तबला शिकता हे फार बरं झालं. नवे ऐकणारे सॅक्सोफोनच्या आणि ट्रम्पेटच्या मागे धावतात आणि तिथेच घोळ होतो. माइल्स डेव्हिस बेबॉपमध्ये आहे, कूलमध्ये आहे, हार्ड बॉपमध्ये आहे आणि मोडलमध्येही आहे. त्याचा ट्रम्पेटचा आवाज तुम्ही चार सुरांत ओळखाल, पण शैली त्यावरून कळणार नाही. बदलत गेला तो त्याच्या खालचा पाया: ठेका कुठल्या वाद्यावर धरलाय आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) किती वेगाने पालटताहेत. या दोन गोष्टी पकडल्या की पाचही शैली आपसूक सुट्या होतात.

आधी स्विंग, कारण पुढचं सगळं त्यातून फुटलं किंवा त्याच्यावर चिडून निघालं. १९३५ ते १९४५ या काळातलं हे अमेरिकेतलं नाचाचं संगीत. चौदा-पंधरा जणांचा बँड, लिहून काढलेल्या अरेंजमेंट आणि मधूनमधून आठ-सोळा बारांचे (बार म्हणजे चार मात्रांचा गट) सोलो, म्हणजे एकेकाने पुढे येऊन वाजवणं. ड्रमर पायाने बेस ड्रमवर बारच्या चारही मात्रा देत राहतो, कारण समोर शेकडो लोक नाचत असतात. काउंट बेसीच्या बँडमधल्या जो जोन्सने हा ठेका हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, नेऊन हलका केला होता, पण तोही नाचणाऱ्यांना सांभाळूनच.

हा ठेका आपल्या कानांना परका नाही. सी. रामचंद्रांची ‘अलबेला’मधली (१९५१) गाणी आठवा. त्यांच्याकडे चिक चॉकलेट नावाने प्रसिद्ध असलेला गोव्याचा ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ काम करायचा. मुंबईतल्या हॉटेलांत रात्री स्विंग वाजवणारे गोवेकर वादक फिल्मी स्टुडिओत आले आणि त्यांच्यामागून हा ठेका रेडिओवरून घराघरांत पोचला. बेबॉपला मात्र ही वाट मिळाली नाही. त्यावर नाचता येत नाही आणि ते गुणगुणताही येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोरस. बहुतेक जुनी गाणी ३२ बारांची असतात, एका बारमध्ये चार मात्रा, आठ-आठ बारांचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा भाग सारखा. तिसरा वेगळा, त्याला ब्रिज म्हणतात. सुरुवातीला धून एकदा वाजते, मग तीच ३२ बारांची चौकट फिरत राहते आणि प्रत्येक जण तिच्यावर आपलं वाजवतो. तुमच्या भाषेत हे आवर्तन आहे, त्याला समही आहे, आणि कुणी चुकलं तर स्टेजवर सगळ्यांना कळतं. फरक इतकाच की आपल्याकडे आवर्तन कितीही फिरलं तरी षड्ज जागचा हलत नाही. इथे चौकटीबरोबर कॉर्ड बदलतात आणि कॉर्डबरोबर कोणता सूर घरचा वाटतो तेही बदलतं.

आता बेबॉप. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ११८व्या रस्त्यावर मिंटन्स प्लेहाउस नावाचा क्लब होता. १९४० पासून तिथल्या घरच्या बँडमध्ये केनी क्लार्क ड्रमवर आणि थेलोनियस मंक पियानोवर असे. स्विंग बँडमधले वादक आपलं काम आटोपून रात्री उशिरा तिथे वाजवायला यायचे. वादकांच्या युनियनला फुकट वाजवणं मान्य नव्हतं, दंड व्हायचा. पण मालक हेन्री मिंटन स्वतः युनियनचा माजी प्रतिनिधी, त्यामुळे तिथे कुणी हात लावत नसे. शैलीच्या जन्माला प्रतिभा लागतेच, पण दंड न होणारी जागाही लागते.

क्लार्कने काय केलं? चार मात्रांचा ठेका बेस ड्रमवरून काढून उजव्या हाताच्या मोठ्या झांजेवर, म्हणजे राइड सिंबलवर नेला. ‘टिंग, टिंग-ट-टिंग’ अशी वाहती धार. चालीचा भार डबल बेसच्या चालत्या सुरांवर आला आणि ड्रमरचा पाय व डावा हात मोकळे झाले. मग बेस ड्रमवर अवचित, सोलोवाल्याच्या वाक्याला छेद देत किंवा दाद देत ठोके पडू लागले. युद्धाचे दिवस होते, वादकांनी त्या ठोक्यांना बॉम्ब म्हणायला सुरुवात केली. तबलावाल्याला हे लगेच समजेल: ठेका सांभाळणारा आता संवादात उतरला. माझ्या मते बेबॉपचा खरा शोध हा आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांची ती वेडीवाकडी, मध्येच तुटणारी वाक्यं जुन्या चार ठोक्यांवर उभीच राहिली नसती.

लोकांना मात्र ही शैली आकाशातून पडल्यासारखी वाटली. कारण १ ऑगस्ट १९४२ पासून युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला होता आणि मोठ्या कंपन्यांशी पूर्ण समझोता व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. ज्या दोन वर्षांत ही भाषा घडली, नेमकी तीच रेकॉर्डवर जवळजवळ नाहीत. त्यातच १९४४ मध्ये नाचगाणं असलेल्या क्लबांवर आधी ३०, मग २० टक्के कर बसला. नाच नाही, गायक नाही, फक्त वाद्यं वाजतात अशा जागेला कर नव्हता. छोट्या क्लबमालकांनी जमीन टेबलांनी भरून टाकली आणि चार-पाच जणांचा बँड ठेवला. टायर-पेट्रोलचं रेशनिंग, पोरं सैन्यात. पंधरा जणांना बसमध्ये घालून गावोगाव हिंडणं परवडेना. १९४६ च्या अखेरीला बेनी गुडमनसकट अनेक मोठे बँड बंद पडले. बंडखोरीच्या गोष्टी पुस्तकांत भरपूर वाचायला मिळतात आणि त्या खोट्या नाहीत, पण कराचा हा मुद्दा मला जास्त पटतो.

एक रेकॉर्ड नीट ऐका: पार्करचं ‘को-को’, २६ नोव्हेंबर १९४५, सॅव्हॉय कंपनीसाठी. चौकट आहे रे नोबलच्या ‘चेरोकी’ या गाण्याची, ३२ नव्हे तर ६४ बारांची. लय मिनिटाला सुमारे ३०० ठोके. म्हणजे २५६ ठोक्यांचं हे आवर्तन पन्नास-एक सेकंदांत संपतं. त्या सत्रातला एक अर्धवट टेकही (रेकॉर्डिंगचा एक प्रयत्न) उपलब्ध आहे. त्यात सुरुवातीचा तुकडा झाल्यावर ते ‘चेरोकी’ची मूळ धून वाजवायला लागतात आणि कुणीतरी त्यांना तिथेच थांबवतं. अमेरिकेत धुनेवर मालकी हक्क चालतो, कॉर्डच्या क्रमावर नाही. धून वाजली की मूळ संगीतकाराला पैसे द्यावे लागतात. म्हणून अंतिम टेकमध्ये धूनच नाही. मोडक्यातोडक्या वाटणाऱ्या प्रस्तावनेनंतर पार्कर थेट सोलोत उडी घेतो. दोन पूर्ण कोरस, मग मॅक्स रोचचा ड्रम सोलो, आणि तीन मिनिटांच्या आत खेळ खलास. ब्रिजकडे विशेष लक्ष द्या: तिथे चार-चार बारांनी चार वेगवेगळे षड्ज येतात, प्रत्येक आधीच्याहून एक पूर्ण स्वर खाली. त्या लयीत चार बार म्हणजे जेमतेम तीन सेकंद. एवढ्यात नवा षड्ज दाखवायचा, त्यावर अर्थपूर्ण वाक्य बोलायचं आणि पुढच्यावर जायचं. जुन्या गाण्यांच्या सांगाड्यावर नवी धून बसवण्याचा हा उद्योग बेबॉपवाल्यांनी भरपूर केला. ‘ऑर्निथॉलॉजी’ ऐकताना खाली ‘हाउ हाय द मून’ म्हणून बघा, चपखल बसतं.

पार्कर १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी गेला. हेरॉइन आणि दारू. त्याची नक्कल करता करता अनेकांनी ते व्यसनही उचललं, आणि या संगीताचं त्याने झालेलं नुकसान मोजता येण्यासारखं नाही.

कूलबद्दल मी थोडक्यात उरकतो, कारण ती शैलीपेक्षा एक स्वभाव जास्त आहे. न्यूयॉर्कच्या ५५व्या रस्त्यावर अरेंजर गिल एव्हान्स तळघरातल्या एका खोलीत राहायचा. तिथे माइल्स, जेरी मलिगन, जॉन लुइस ही मंडळी जमत. त्यातून नऊ जणांचा बँड निघाला, ज्यात फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा होते. जानेवारी १९४९ ते मार्च १९५० या काळात तीन सत्रांत रेकॉर्डिंग झालं. ते जवळजवळ सगळं ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाने मोठ्या एलपीवर आलं १९५७ मध्ये. म्हणजे जन्माचा दाखला सात-आठ वर्षं उशिरा मिळाला. कानाला काय कळतं? ड्रमर मागे सरकलेला, बऱ्याचदा काड्यांऐवजी ब्रश हातात. वाद्यांच्या सुरात कंप कमी. सोलो लिहिलेल्या भागात मिसळून जाणारे. मलिगनने १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला चेट बेकरबरोबर पियानोच काढून टाकला. बॅरिटोन सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट एकमेकांभोवती फिरतात आणि कॉर्ड तुम्ही मनात भरून घ्यायच्या. कूल म्हणजे गोऱ्यांचं आणि हार्ड बॉप म्हणजे काळ्यांचं असं समीकरण सर्रास सांगितलं जातं. कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओंच्या नोकऱ्या बहुतांशी गोऱ्या वादकांकडे होत्या हे खरं. पण माइल्स, जॉन लुइस, मॉडर्न जॅझ क्वार्टेट ही काळ्या वादकांची नावं समोर ठेवली की समीकरण टिकत नाही.

हार्ड बॉप ओळखायला सगळ्यात सोपं. ड्रमर आर्ट ब्लेकी ऐका. डाव्या पायाने हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असा मिटतो की भिंतीत खिळा ठोकल्यासारखा वाटावा, आणि नव्या सोलोवाल्याला आत ढकलताना स्नेअरवर तो लांब रोल वाढत वाढत जातो. भाषा बेबॉपचीच, पण लय थोडी खाली आलेली, धून लक्षात राहणारी, आणि चर्चमधल्या हाकेला मिळणाऱ्या प्रतिसादाचा बाज. ऑक्टोबर १९५८ मधलं ‘मोनिन’ घ्या, धून पियानोवादक बॉबी टिमन्सची. पियानो एक ओळ विचारतो, बाकी सगळे दोन सुरांत ‘आमेन’ म्हणतात. ब्लेकी, होरेस सिल्व्हर, मॅक्स रोच आणि क्लिफर्ड ब्राउन ही या शैलीची मुख्य घराणी समजा. ब्राउन १९५६ मध्ये २५ व्या वर्षी मोटार अपघातात गेला. त्याचा ट्रम्पेट ऐकताना मला अजूनही हळहळ वाटते, कारण तो माणूस निर्व्यसनी होता आणि पुढची तीस वर्षं वाजवू शकला असता.

या शैलीचा आवाज घडवण्यात एका चष्मेवाल्याचाही वाटा आहे. रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासायचा आणि न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आई-वडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. ब्लू नोट कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या बहुतेक रेकॉर्ड त्या खोलीतल्या. शिवाय १९४८ मध्ये एलपी आली होती. ७८ च्या तबकडीवर तीन मिनिटांत आटपावं लागे. एलपीच्या एका बाजूला वीस मिनिटं मिळू लागली. क्लबमध्ये जसे दहा-दहा कोरस वाजवायचे तसे रेकॉर्डवरही वाजवता आले. पुढचा मोडल प्रकार तीन मिनिटांत उभाच राहिला नसता.

आता १९५९. शैली एकीमागून एक शिडीसारख्या येतात अशी कल्पना असेल तर हे वर्ष ती मोडून काढतं. माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डची सत्रं २ मार्च आणि २२ एप्रिलला झाली. दोनच आठवड्यांनी, मेच्या पहिल्या आठवड्यात, त्याच बँडमधला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन स्वतःचं ‘जायंट स्टेप्स’ रेकॉर्ड करतो. त्याच महिन्यात बेसवादक चार्ल्स मिंगसचं ‘मिंगस आह अम’. २२ मे रोजी लॉस एंजेलिसमध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ वाजवतो. १ जुलैला पियानोवादक डेव्ह ब्रुबेकचं ‘टेक फाइव्ह’, पाच मात्रांचं, ३ अधिक २. तुम्ही झपतालाच्या २-३ ने मोजू नका, अडखळाल. ब्रुबेक आदल्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर भारतात आला होता आणि मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवून गेला होता. पण ‘ब्लू रोंडो’मधल्या नऊ मात्रा (२-२-२-३) त्याने तुर्कस्तानच्या रस्त्यावरच्या वादकांकडून उचलल्या. त्या आपल्याकडून गेल्या असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

‘जायंट स्टेप्स’ आणि ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं ‘सो व्हॉट’ लागोपाठ ऐका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ‘जायंट स्टेप्स’ १६ बारांचं, त्यात २६ वेळा कॉर्ड बदलते, आणि लय अशी की आवर्तन तेरा-चौदा सेकंदांत संपतं. सप्तकाचे तीन सारखे भाग करून तीन षड्ज ठेवलेत आणि गाणं त्यांच्यात उड्या मारतं. कोल्ट्रेनने हे महिनोन्‌महिने घोटलं होतं. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, अव्वल वादक, पण त्याच्या सोलोत वाक्यं तुटतात आणि शेवटी नुसत्या कॉर्ड उरतात. विद्यार्थी त्यावर हसतात तेव्हा मी त्यांना तीच लय लावून देतो आणि वाजवायला सांगतो. हसणं थांबतं. फ्लॅनगनने १९८२ मध्ये हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, तेव्हा ते त्याच्या बोटांत पूर्ण मुरलेलं होतं.

‘सो व्हॉट’ मोडल आहे, म्हणजे भराभर बदलणाऱ्या कॉर्डऐवजी एका स्वरसाठ्यावर चालणारं. ते ३२ बारांचं, आणि त्यात बदल म्हणाल तर एक: पहिले १६ बार ‘डी’ हा षड्ज, पुढचे ८ बार अर्ध्या स्वराने वर, शेवटचे ८ पुन्हा मूळ जागी. गंमत अशी की याचं आवर्तनही पन्नास-पंचावन्न सेकंदांचंच, ‘को-को’इतकं. तेवढ्याच वेळात पार्करने कॉर्डचा अख्खा बाजार पार केला होता; इथे माइल्सला एका सुरावर थांबून विचार करायला जागा आहे. साधारण दीड मिनिटावर त्याचा सोलो सुरू होतो तो क्षण ऐका. ड्रमर जिमी कॉब सिंबलवर एक जोराचा आघात करतो आणि तो नाद कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत कितीतरी वेळ रेंगाळतो. तो स्टुडिओ म्हणजे जुनं चर्च, उंच छताचं. त्या नादाखालून माइल्स पहिली वाक्यं वाजवतो, मोजक्या सुरांची. कॉब त्यानंतर जवळजवळ काहीच करत नाही, साधी राइड धरून ठेवतो. इथे त्याने बॉम्ब टाकले असते तर सगळं विस्कटलं असतं.

आता राग. ‘सो व्हॉट’चे स्वर डोरियन, म्हणजे आपले काफी थाटाचे: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. पण थाट आणि राग यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. माइल्सला स्वरांचा साठा दिलाय. चलन नाही, वादी-संवादी नाही, न्यासाची जागा नाही, आरोहात अमुक वर्ज्य असं काही नाही. सातही स्वर कसेही लावा. आणि सतराव्या बारला षड्जच अर्ध्या स्वराने सरकतो, जे आपल्या मैफलीत झालं तर तानपुरेवाला उठून जाईल. म्हणून मोडल म्हणजे राग नव्हे. त्यातल्या त्यात जवळ आला तो कोल्ट्रेन. १९६० च्या ‘माय फेव्हरिट थिंग्ज’मध्ये धून झाल्यावर तो मूळ कॉर्ड सोडतो. मकॉय टायनर पियानोवर दोन कॉर्ड झुलवत ठेवतो आणि त्या झुल्यावर सोलो चालतो, एकूण तेरा मिनिटांहून जास्त. पुढे कोल्ट्रेनने रविशंकरांचं संगीत मनापासून ऐकलं, मुलाचं नाव रवी ठेवलं. तरी त्याच्या वाजवण्यात मला राग ऐकू येत नाही. ऐकू येतो तो एका षड्जावर ठाण मांडून बसण्याचा धीर. आणि खाली त्याचा ड्रमर एल्विन जोन्स. तुम्ही त्याच्यावर वेळ घालवा. तो ठेका एका हातापायात ठेवतच नाही, तिप्पटीच्या लहरी चारही अवयवांत वाटून देतो, वाक्य बारची रेघ ओलांडून जातं आणि सम मात्र जागेवर पडते.

फ्री जॅझबद्दल एक गैरसमज असतो की तिथे काहीही चालतं. कोलमनच्या १९५९ च्या रेकॉर्डवर बिली हिगिन्सची राइड छान झुलते, चार्ली हेडनचा बेस चालतो, धुनाही आहेत. काढून टाकलीय फक्त सोलोखालची ठरलेली चौकट. पियानो नाही, कारण पियानो आला की कॉर्ड आल्या. कोलमन प्लास्टिकचा पांढरा आल्टो सॅक्सोफोन वाजवायचा आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात आला तेव्हा वादकांतच भांडणं लागली. त्याच क्लबात १९५७ मध्ये मंकने कोल्ट्रेनला घेऊन गर्दी खेचली होती. त्याआधी सहा वर्षं पोलिसांनी मंकचा परवाना काढून घेतलेला, म्हणून शहरातल्या दारू विकणाऱ्या क्लबांत त्याला वाजवताच येत नव्हतं. लयच सोडून देणारा ड्रमर हवा असेल तर १९६४ मधला सनी मरे, सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरबरोबर ‘स्पिरिच्युअल युनिटी’वर. तिथे मोजायला मात्राच नाहीत, सिंबलची नुसती सळसळ. तबल्याचा कान पंधरा मिनिटांत बंड करेल, करू द्या.

ऐकायची सुरुवात ‘मोनिन’पासून करा, तिथे चौकट हातात सापडते. पहिल्यांदा फक्त ड्रम, दुसऱ्यांदा फक्त बेस, तिसऱ्यांदा कोरस मोजत, आणि मगच ट्रम्पेटकडे वळा. तसंच ‘सो व्हॉट’, मग ‘को-को’, मग ‘जायंट स्टेप्स’. कोलमन महिनाभराने. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर डबल बेस ऐकूच येत नाही, आणि बेस गेला की वर लिहिलेलं काहीच कळणार नाही.